वाकड्या बांधाचं उत्तर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मला मधे थांबवत नाही. थांबणं माझ्या रक्तातच नाही हो! बसल्या जागी पाय हलतो, बोटं वाजतात आणि तोंड... त्या तोंडानंच तर घात केला.

मी नगरला कॉलेजात गणित शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. आईला घेऊन जामखेडकडच्या एका गावी मुलगी बघायला गेलो होतो. अश्विनी. तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आधी फोनवर बोलणं झालेलं, आणि खरं सांगू? मला ती भयंकर आवडली होती. तिच्याकडून होकार येईस्तोवर जेवण गोड लागणार नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी पाय जरा जास्तच हलत होता.

तिचे वडील, तात्या, पोह्यांची बशी पुढं सारत म्हणाले, "पाव्हनं, पीएचडी कशात म्हनायची?"

आता गुपचूप 'गणितात' म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण नाही! सोपं करून सांगायची खाज! म्हटलं, "हद्दीचे प्रश्न, तात्या."

"हद्दीचे?" तात्यांचा चहा हातातच राहिला.

"हो ना. दोन्ही टोकांना काय आहे ते पक्कं ठाऊक असतं, मधलं सापडत नाही. त्यात माझे प्रश्न सरळ नसतात, वाकडे असतात. त्यांना उत्तर आहे, हे मी सिद्ध करतो."

"आगं आयो!" तात्या ताडकन उठले. "आमचं बी तेच हाय की! दोन्ही टोकाला दगड हायेत, मधला बांध पांडूनानानं नांगरून नांगरून वाकडा केलाय!"

पांडूनाना म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, शेजारचं रान त्यांचं. अश्विनी दारातून जोरजोरात मान हलवून मला 'नको, नको' करत होती. मला वाटलं, लाजतेय!

पुढचं काय विचारता? पोहे अर्धवट टाकून मी बांधावर. तात्यांनी फोन करून नानांनाही बोलावलं. पाठोपाठ निम्मी आळी आली. अहो, तेव्हा तरी सांगायचं ना, की बाबांनो, माझ्या हद्दी कागदावरच्या समीकरणांतल्या आहेत, रानातल्या नाहीत! पण होणाऱ्या सासऱ्यांनी छाती फुगवून "आमचे डाक्टर" म्हटलं, आणि मला गुदगुल्या झाल्या.

"सांगा डाक्टर, ह्याला उत्तर हाय का न्हाई?"

मी दोन्ही दगडांकडे बघितलं. हा तर माझा हातखंडा प्रश्न! "आहे! शंभर टक्के आहे!"

"ऐकलं का रं पांडू?" तात्या गरजले. "आता दावा, कुठनं जातोय बांध?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हंजी?"

"म्हणजे... कुठून जातो ते माझ्या कामात येत नाही. आहे, एवढं नक्की. या दगडापासून त्या दगडापर्यंत एक तरी रेघ असणारच."

"एक तरी?" बांधापलीकडं उभे असलेले नाना पुढं सरकले. "म्हंजी जास्त बी असत्यात?"

इथं गप्प बसलो असतो तर आज माझा संसार असता! पण गणिताला खोटं कसं पाडू? "असू शकतात की. दोन, तीन, कितीही."

"मंग झालं तर!" नानांनी टाळीच वाजवली. "त्यातली एक माजी! डाक्टरच म्हनले, माजं बी उत्तर बरुबर हाय. आता मोजनी कशाला?"

सगळी आळी खो खो हसली. तात्या नाही हसले. घरी येईपर्यंत ते माझ्या दहा पावलं पुढंच चालत राहिले, आणि मला तर रस्ता संपेना. दारात अश्विनी हळूच म्हणाली, "अहो, मी खुणा करत होते ना!" मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू! ती तेवढं बोलली आणि आत गेली.

मग निरोपाची वाट. मोबाईल हातात घेऊन मी घरभर येरझाऱ्या घालतोय आणि आई ओरडतेय, "अरे बस की मेल्या!" शेवटी तात्यांचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"ताई, आमच्या पोरीला नवरा हाय, येवढं शंभर टक्के. एक सोडून दोन-तीन बी असतील. कोन, ते आजून सापडलं न्हाई. पर त्यात तुमचे डाक्टर न्हाईत, येवढं आमी नक्की केलंय."

फोन बंद. आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "काय रे, काय म्हणाले ते?"

पहिल्यांदाच माझा पाय हलायचा थांबला होता. म्हटलं, "काही नाही गं. सिद्धता बरोबर आहे त्यांची."