डाव्या धारेचा कोयता

आमच्या मेडशीच्या डावखुऱ्या काकू जन्माने डावखुऱ्या नव्हत्या. जेवायच्या उजव्या हाताने, भांडताना नाचवायच्या तेही उजवंच बोट. डावा हात फक्त कोयत्यासाठी.

खरे डावखुरे होते ते काका, त्यांचे यजमान. टोपल्या-सुपांचं बुरूडकाम करायचे. कोयत्याला त्यांनी एकाच अंगाने, आपल्या हाताला बसेल अशी धार लावली होती. त्यांच्या घरात बांबू फोडायचा पुरुषांनी आणि विणायचं बायकांनी, अशी रीत. म्हणून काका गेले त्या वर्षी, मुलगा अजून लहान असताना, दसऱ्याच्या आधीच धाकटा दीर कोयता मागायला आला. पूजेत मांडायला हवा, म्हणे. एकदा गेलेला कोयता परत येणार नाही आणि पुढे त्याच्याच ओट्यावर मजुरीने विणत बसावं लागेल, हे काकूंनी ओळखलं.

"भाऊजी, ह्या बांबूची एक कांबी काढून दाखवा अन् घेऊन जा," त्या म्हणाल्या.

मी सूप न्यायला गेले होते, म्हणून सगळं पाहिलं. दिराने उजव्या हाताने कोयता चालवला. पातं आत घुसलं, कांबी मधेच तुटली. दुसरीचीही तीच गत.

"वयनी, धारच उलटी हाये. अन् तुमाले तरी कुठं जमते?"

"हात माहा हाये. बदलीन."

तो गेल्यावर मी म्हटलं, लोहाराकडून धार बदलून घ्या, उगाच हाल कशाला? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिराचीच माणूस.

"ह्या धारेपायी तो अडते. बदलली का उद्याच येते न्याले."

मग डाव्या अंगठ्याला चिंधी बांधून त्या बसल्या. कांब्या जाड निघत, सुपं तिरकी होत. माझं सूप वाकडं आहे, हे मी तोंडावर सांगितलं.

"तूर पाखडाची हाये का फोटो काढाचा हाये?"

पुढे त्यांची सुपं सरळ झाली. जीभ नाही झाली. प्लास्टिकचं टोपलं तडकलं की गिऱ्हाईक परत यायचं, आणि टोमणा खाल्ल्याशिवाय त्याला टोपली मिळत नसे.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दसरा जवळ आला तसा दीर पुन्हा हजर, आता काठी टेकत. कोयत्याचं विचारलं. काकूंच्या सुनेने उजव्या हाताने त्याला चहा दिला, ओट्यावर बसली आणि डाव्या हाताने बांबू फोडायला लागली.

चहा अर्धवट टाकून तो उठला.