आखाजीची रजा

एकावन्नाव्या वर्षी घर सोडणारा माणूस बॅगेत काय भरतो? मी भरल्या त्या रक्तदाबाच्या गोळ्या, वाचायचा चष्मा आणि इस्त्री केलेले शर्ट. जानेवारीत नाशिकच्या बसस्टँडवर सुरतच्या गाडीत चढलो, तेव्हा माझ्या पुढच्या बाकावर कॉलेज संपवून पहिल्या नोकरीला निघालेला एक मुलगा होता. त्याचे आईवडील खिडकीशी उभे राहून सूचना देत होते. माझ्या खिडकीशी मंजिरी, माझी बायको, आणि गुडघे दुखत असूनही हट्टाने आलेली आई. मंजिरी म्हणाली, "एक दिवस फोन लागला नाही तर काळजी करायची नाही, हे आपण आत्ताच ठरवून टाकू." आणि गाडी नाशिकबाहेर पडायच्या आत तिचाच फोन आला. आई मात्र माझ्याशी आयुष्यभर ज्या भाषेत बोलली त्याच अहिराणीत एवढंच म्हणाली, "डोकं थंड ठेवजो, भाऊ."

हे मी तुम्हाला लिहितोय. आपला कारखाना बंद झाल्यावर कुणी चाकणला, कुणी होसूरला गेलात, कुणी नाशिकमध्येच राहून मेव्हण्याच्या दुकानात बसता, त्या सगळ्यांना. तुम्ही फोनवर विचारता, "कसं चाललंय, साहेब?" मी म्हणतो, मजेत. तुम्हीही मजेतच म्हणता. आपण एकमेकांना ओळखतो, म्हणून आता खरं सांगतो.

कंपनी दुसऱ्या राज्यात हलणार हे कँटीनमध्ये तुम्हाला मीच सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला काय, आपल्याला कुठेही मिळेल. गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात उभं आयुष्य गेलं, सगळा प्लँट सांभाळला. पण वर्षभर मुलाखती देत फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी माझा अनुभव म्हणजे एखादा आजार असल्यासारखं तोंड करून ऐकत. एका पोराने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मनात म्हटलं, निवृत्तीच्या उंबऱ्यावर. तोंडाने काहीतरी मोठं बोललो. लेकीचं इंजिनिअरिंग चालू होतं. मंजिरी शाळेतून आली की मी घाईने लॅपटॉप उघडून बसायचो, काम शोधतोय असं दिसावं म्हणून.

मग सुरतची ही नोकरी आली. कडोदऱ्याला कापड रंगवण्याची मिल, जनरल मॅनेजरची जागा, सहा महिने चाचणीचे. मालकाचा मुलगा हर्षभाई कारभार बघतो. वय तिशीच्या आत, बोलणं गोड. त्याला माणसं सांभाळणारा अनुभवी माणूस हवा होता. कापड तुम्ही शिकाल, म्हणाला.

शिकलो, पण घाबरत घाबरत. लोखंडाचा तुकडा मापात असतो किंवा नसतो. कापडाचं तसं नाही. एकच गुलाबी रंग सकाळी एक दिसतो, ट्यूबलाइटखाली दुसरा, आणि व्यापाऱ्याच्या दुकानात तिसराच. मीटिंगमध्ये मी मान हलवायचो आणि खोलीवर येऊन शब्दांचे अर्थ शोधायचो. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी हर्षभाई म्हणायचा, "सर, जोई लेजो ने." म्हणजे, तुम्ही बघून घ्या. सकाळी कंपनीच्या गाडीची वाट बघताना आजच आपलं अज्ञान उघडं पडणार, असं रोज वाटायचं.

खोली घेतली होती सुरतेतल्या डिंडोलीत. तिथे उतरल्यावर पहिल्यांदा कानावर पडली ती अहिराणी. भाजीवाली, न्हावी, जिन्यात भांडणाऱ्या बायका, सगळे आईसारखं बोलत होते. माझे वडील शिंदखेड्याकडचे. नाशिकला सरकारी कचेरीत लागल्यावर त्यांनी घरात दंडकच घातला होता, "पोरांनी पुस्तकी बोलायचं. चारचौघांत हसू नको व्हायला." आईने तो कधीच पाळला नाही, आम्ही पाळला. त्यामुळे मला अहिराणी सगळी कळते, पण जीभ वळत नव्हती. मिलमध्येही निम्मे कामगार खानदेशातले. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एकाने दुसऱ्याला विचारलं, "हाऊ नवा सायेब किती दिन टिकस?" दुसरा म्हणाला, "होळी लगून." मला कळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. मी कागदात डोकं घातलं. माझा स्वतःचा अंदाजही तेवढाच होता.

होळी गेली, मी टिकलो. मग आखाजी आली. तुमच्यापैकी जे खानदेशातले नाहीत त्यांना सांगतो, अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात आणि ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांना जेवू घालतात. तेव्हा सुरतेतला खानदेशी माणूस गावी जातोच. नेमकी त्याच वेळी लग्नसराईच्या साड्यांची मोठी ऑर्डर आमच्याकडे होती. हर्षभाईने मला बोलावलं. "सर, नोटीस लगा दो. इस महीने किसी को छुट्टी नहीं. जो जाएगा, वापस नहीं आएगा." सही माझी हवी होती. चाचणीचे दोन महिने उरले होते.

सही न करता मी कागद टेबलावर ठेवला. पण भिंतींना कान असतात. दुपारी कापड रंगवायच्या जिगर मशीनवरचा मुकादम हिलालभाऊ दारात येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा माणूस. आधी हिंदीत बोलायला लागला, मग अडला आणि आपल्या भाषेत बोलून गेला, "सायेब, मनी पोरनं लगीन व्हयनं. पहिली आखाजी शे. पोर घर येई अन् बाप मिलमा राही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बोलस शेठसंगे. दोन दिन थांब."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सायेब, तुम्हनं गाव कोनतं?"

"शिंदखेडाकडे," मी म्हटलं. आता शब्द देऊन बसलो होतो.

हर्षभाईला मी सांगितलं, "ते जाणारच. नोटीस लावली तर न सांगता जातील आणि परत येणार नाहीत. दोन तुकड्या करू. निम्मे आखाजीला जातील, ते आले की उरलेले लग्नांना जातील. व्यापाऱ्याला माल टप्प्याटप्प्याने देऊ."

"और नहीं आए तो?"

"जबाबदारी माझी."

तो हसला नाही. म्हणाला, "जिम्मेदारी से कपड़ा नहीं रंगता, सर." मोबाइलवर ऑर्डरच्या तारखा पाहिल्या आणि शेवटी म्हणाला, "ठीक छे. जोई लेजो."

पहिली तुकडी गेली. ओरिसाच्या आणि उत्तर प्रदेशच्या कामगारांना समजावून मी मशीनं चालू ठेवली आणि दिवसभर खाली त्यांच्यातच उभा राहिलो. आखाजीला मी घरी गेलो नाही. आईने फोनवर विचारलं, "तू का बरं नई वना?" मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि जेवलास का म्हणून विचारलं.

ठरलेल्या सकाळी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. तुकडीतले थोडेच आले. हिलालभाऊ नाही. त्याचा फोन बंद. इकडे दुसऱ्या तुकडीतले लोक पिशव्या घेऊनच कामावर आले होते. पाळी संपली की थेट उधना स्टेशन गाठायचं, असा त्यांचा बेत. त्यांना थांबवावं का? वरच्या काचेतून हर्षभाई बघत होता. मला तुमचे कँटीनमधले चेहरे आठवले. त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं, नुसतं सांगणं होतं. इथे निदान दिलेला शब्द तरी माझ्या हातात होता. मी त्यांना जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिलालभाऊ आणि बाकीचे आले. गाडीत पायदानावरही जागा मिळाली नव्हती म्हणून नंदुरबारला रात्र काढली होती. तोंड न धुता ते मशीनवर लागले. तरी माल उशिरा गेलाच. व्यापाऱ्याने आरडाओरडा केला, आणि मग माल घेतला. सहा महिने भरल्यावर हर्षभाईचं पत्र आलं, की चाचणीची मुदत तीन महिन्यांनी वाढवली आहे. कायम केलं नाही, काढलंही नाही.

म्हणजे सकाळची ती भीती आहेच. रोज गाडीची वाट बघताना ती येते. फक्त आता तिची ओळख झालीय.

जूनमध्ये आईला इकडे आणलं. मंजिरी सुट्टीत सोडायला आली आणि शाळा सुरू होताना एकटी परत गेली. आई चार दिवसांसाठी आली होती, अजून आहे. दुपारभर गॅलरीत बसून शेजारणींशी बोलते. नाशिकला एवढी वर्षं राहिली, पण एवढं बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, मी घर सोडून इथे आलो. तिच्याकडे बघून वाटतं, आमच्यातल्या कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच घर सोडलं होतं आणि तिला ते कुणी विचारलंच नव्हतं. मंजिरी आणि लेक तिकडे, आई इकडे. घर कुठे, असं विचारलंत तर मला आज एका गावाचं नाव सांगता येणार नाही. जिथे माझ्या हुद्द्यावाचून माझी ओळख सांगणारं कुणी आहे ते घर, एवढंच कळतं.

परवा कामावरून आलो तर जिन्यातच आवाज ऐकू आला. शेजारच्या सुमनताई आईला विचारत होत्या, "मावशी, तुम्हना पोऱ्या मिलमा काय काम करस?"

जनरल मॅनेजर हा शब्द आईला म्हणता येत नाही. ती म्हणाली, "आखाजीले लोकेस्ले घर धाडी देस."