चालती गाडी बंद न करणारे उस्ताद

नोव्हेंबर, सोमवार, सकाळी साडेसात. उपस्थित: मी, आमचे चार स्वार, त्यांत दिनेश आणि जावेद, चार मोटारसायकली, चारही काळ्या, एकाच कंपनीच्या, आणि उस्ताद, सायकलच्या हँडलला हत्यारांची पिशवी अडकवून. अनुपस्थित कोणी नाही.

उस्तादांनी पहिली गाडी भिंतीशी घेतली, सीट उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, तोंड तिकडे करा.”

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. पण त्यांनी पान्यानेच दिशा दाखवली. मी तोंड फिरवलं. स्वारांनीही फिरवलं. साकेत नगरातल्या आमच्या ऑफिसच्या अंगणात आम्ही पाच मोठी माणसं दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी, आणि मागे स्क्रू फिरल्याचा आवाज. समोरच्या गच्चीवरून कपडे वाळत घालणारी बाई आमच्याकडे पाहत होती.

“ट्रॅकर कुठे बसवलाय ते मला लिहून ठेवायला हवं,” मी म्हणाले. “माझ्या यादीत तसा रकाना आहे.”

“रकाना राहू द्या कोरा. जे माहीतच नाही ते तोंडातून निघणार कसं? आज तुम्हाला सांगितलं, उद्या तुम्ही दिनेशला सांगाल, परवा तो पंक्चरवाल्यासमोर बोलून जाईल. मग चोराला माझी गरजच काय!”

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. हातातल्या कामाचा त्यांना अभिमान असतो, पण तो ती दाखवत नाहीत, लपवतात. उस्तादांचं तर कामच लपवण्याचं होतं. ते मूळचे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. वडील तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. उस्ताद भोपाळला आले ते मोटारसायकलींचं वायरिंग करायला, आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारे ट्रॅकर निघाले तेव्हा वयाच्या पन्नाशीनंतर तेही शिकले. कोटरा सुल्तानाबादमध्ये त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि पाण्याचा माठ. त्यांचं नाव पाटीवर नव्हतं, कारण पाटीच नव्हती. सगळे उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही.

माठ महत्त्वाचा. गाडी चोरीला गेलेला माणूस धापा टाकत आला की उस्ताद आधी त्याला पेला भरून द्यायचे. “आधी पाणी प्या, मग नंबर सांगा.” माणूस ओरडायचा, गाडी चाललीय तिकडे, तुम्ही पाणी काय पाजताय! उस्ताद शांतपणे म्हणायचे, “घाबरलेला माणूस नंबर चुकीचा सांगतो. मग मी दुसऱ्याचीच गाडी शोधत बसेन.”

ते स्वतः सायकलवर फिरत. एकदा जावेदने विचारलं, “उस्ताद, अपनी साइकिल में क्यों नहीं लगाया?”

“हिला कोण नेईल? आणि नेली तर माता मंदिरच्या चौकात चेन उतरेल, तेव्हा स्वतःच आणून देईल.”

आता आमच्या कामाविषयी. आम्ही घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतो, रिपोर्ट पोचवतो, एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये सामान नेतो. मी वेळा सांभाळते. कोण, कुठे, किती वाजता, कुठल्या डब्यात, सगळं लिहिते. त्या सोमवारीही मी ट्रॅकरचे चार नंबर लिहून घेतले, गाड्या ज्या क्रमाने उभ्या होत्या त्या क्रमाने: दिनेश, जावेद, मग बाकीचे दोघे. मोबाइलवरच्या नकाशात चार बिंदू उमटले, आणि प्रत्येकाला मी नाव दिलं.

उस्ताद म्हणाले, “आता एकेक गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. कुठला बिंदू हलतो ते बघून मग नाव द्यायचं.”

“उस्ताद, यादी झालीय. आठ वाजता पहिला पेशंट आहे.”

“पाच मिनिटं लागतील ताई.”

“यादी बरोबर आहे.”

उस्तादांनी हत्यारं पिशवीत टाकली. चारही गाड्यांच्या टाकीवर दोन-दोन थापा मारल्या, म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा, आणि गेले. आमची तोंडं भिंतीकडे असतानाच जावेद हळूच मागे सरकून, आपली गाडी काढून चाकात हवा भरून आला होता आणि आल्यावर दिनेशच्या गाडीच्या रिकाम्या जागी लावली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी नकाशा उघडायची, अंगणात चार बिंदू दिसले की चार बरोबरच्या खुणा करायची. चार म्हणजे चार. कोणता कोणाचा, हे पाहायची वेळच आली नाही.

ती आली एका गुरुवारी, सकाळी दहाला.

दिनेशच्या गाडीला मागे बसवलेल्या डिकीत त्या दिवशी मालतीबाईंचा ब्लॉक होता. मालतीबाई निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तर. त्यांच्या मानेतली गाठ काढली होती. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, बोटाच्या पेराएवढा, त्याला ब्लॉक म्हणतात. पहिल्या लॅबला शंका होती, म्हणून तो दुसऱ्या मोठ्या लॅबमध्ये दाखवायला चालला होता. तुकडा एकच होता. हरवला तर पुन्हा ऑपरेशन, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या वयात, या हृदयाला, दुसऱ्यांदा भूल नको.

वाटेत दिनेश शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एका आजोबांचं रक्त घ्यायला वर गेला. नमुन्यांची पिशवी बरोबर नेली, ब्लॉक डिकीत ठेवला. खाली आला तर गाडी नव्हती.

“मैडम, गाडी...” एवढंच तो फोनवर म्हणाला.

मी नकाशा उघडला. ‘दिनेश’ नावाचा बिंदू आमच्याच साकेत नगरात, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी, स्थिर. मी उस्तादांना फोन लावला.

“उस्ताद, दिनेशची गाडी चोरीला गेलीय!”

“पाणी प्यायलात?”

“उस्ताद!”

“ताई, मी पण घाबरून राहिलोय. प्या थोडं.”

मी प्याले. मग सांगितलं. गाडी उभी आहे, लगेच इंजिन बंद करा. मोबाइलवरून आदेश गेला की ट्रॅकर इंजिन बंद करतो, मग किल्ली फिरवूनही गाडी सुरू होत नाही.

“उभीच आहे ना? चालत नाही ना? चालती गाडी मी बंद करत नसतो. चोर असला म्हणून काय, मागून ट्रक येतो. त्याच्या घरी पण कोणी वाट पाहत असेल.”

“उभी आहे.”

“आणि दिनेशचीच ना? नक्की?”

“यादी माझ्यासमोर आहे,” मी म्हणाले.

त्यांनी आदेश पाठवला. “आता दिनेशला म्हणा, जवळच्या ठाण्यात जा, कागद घेऊन. आणि तुम्ही फक्त लांबून बघा. हात लावायचा नाही. आपण शोधायचं, पकडायचं त्यांनी.”

मी चालत निघाले. फळवाल्याच्या गाडीमागे उभी राहून फाटकाकडे पाहिलं. काळी गाडी होती. शेजारी घामाघूम झालेला माणूस किक मारत होता. मारत होता, थांबत होता, गाडीला शिव्या देत होता, पुन्हा मारत होता. तो जावेद होता.

“मैडम! बढ़िया टाइम पे आईं आप,” तो म्हणाला. “सुबह से मक्खन चल रही थी। अभी दस मिनट में पता नहीं क्या हुआ।”

त्या सोमवारी गाडी जागेवरून हलवली होतीस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, हवा भरायला नेली होती. मग सगळं एकदम लक्षात आलं. भिंत, तोंडं, हवा भरायला गेलेली गाडी. मी उस्तादांना फोन केला आणि सांगितलं.  मी बोलणी खायची तयारी केली.

“ताई,” उस्ताद म्हणाले, “यादी बरोबर आहे. गाड्याच चुकीच्या जागी उभ्या राहिल्या. आता ‘जावेद’ नावाचा बिंदू बघा.”

‘जावेद’ पळत होता. माता मंदिरचा चौक ओलांडून कोटऱ्याकडे वळला होता. पाहता पाहता एका गल्लीत शिरला आणि थांबला.

उस्तादांना हसू आलं. खरंच हसले. “माझ्या मोहल्ल्यात? दुकानाच्या मागे दोन गल्ल्या! अरे, यायचंच होतं तर चहा प्यायला यायचं.”

बिंदू थांबला तसा त्यांनी त्या गाडीचं इंजिन बंद करायचा आदेश पाठवला आणि जावेदची गाडी मोकळी केली. मी त्याच्या मागे बसले. अर्ध्या वाटेत फोन वाजला. मालतीबाई.

“पोचलं का हो माझं?”

“पोचतंय,” मी म्हणाले. आयुष्यात मी वेळेविषयी फारसं खोटं बोललेले नाही. ते तेव्हा बोलले.

“सावकाश येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “माझी काही घाई नाही. मी आपली पोथी घेऊन बसलेय.”

त्यांची घाई नव्हती म्हणूनच मी जावेदला अजून जोरात घ्यायला सांगितलं.

कोटऱ्यात उस्ताद गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून उभे होते. फोनवर पत्ता कळताच दिनेश हवालदारांना घेऊन आलाच. समोर भंगाराची आवारं, ओळीने चार-पाच, सगळ्यांवर पत्रे. नकाशावरचा बिंदू कधी या आवारात, कधी त्या, कधी चक्क नाल्यात.

हवालदार वैतागले. “ये आपकी मशीन है कि मेंढक?”

“साहेब, बिंदू खोटं बोलत नाही. पत्र्याखाली गेला की बोबडं बोलतो,” उस्ताद म्हणाले. “जरा ऐका सगळे.”

त्यांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं. प्रत्येक गाडीत त्यांनी आपल्या मनाने एक जास्तीची तार हॉर्नपर्यंत नेली होती, कोणी सांगितली नव्हती तरी.  आणि तिसऱ्या आवारातून, ताडपत्रीखालून, आमच्या गाडीने आवाज दिला. थांबून थांबून, तीनदा.

दिनेश पळाला. उस्तादांनी त्याचा शर्ट धरला. “पहिले साहेब.”

हवालदार आत गेले. चोर नव्हता, इंजिन सुरू होईना म्हणून टाकून गेला असावा. आवाराचा मालक दोन्ही कानांना हात लावून सांगत होता की मला माहीतच नाही, ही कधी आली. ताडपत्री बाजूला झाली. एक आरसा मोडलेला. डिकीचं कुलूप शाबूत. दिनेशच्या हातून किल्ली भोकात जाईना, तेव्हा उस्तादांनी त्याचं मनगट धरून ती घातली.

पांढरी डबी होती. डबीत ब्लॉक होता. ब्लॉकवर मालतीबाईंचं नाव होतं. मी तीनदा वाचलं आणि भंगाराच्या ढिगातल्या एका मोडक्या खुर्चीवर बसले.

उस्तादांनी विचारलं, “काय आहे त्यात?” तोवर आम्ही कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं. ते गाडीच शोधत होते. मी सांगितलं. त्यांनी डबी हातात घेतली नाही; हात पाठीमागे बांधले, वाकून पाहिलं. “एवढंसं,” म्हणाले. मग गाडीच्या टाकीवर दोन थापा मारल्या, पण या वेळी हलक्या.  दुकानात नेऊन आम्हा सगळ्यांना, हवालदारांनाही, माठातलं पाणी दिलं.

ब्लॉक दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी लॅबमध्ये पोचला. पोच मी स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद न बोलावता आले. एकेक गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, बिंदू हलला, मग मी नाव लिहिलं. चार गाड्या, पाच मिनिटं. ते घड्याळ दाखवून काही म्हणतील असं वाटलं होतं.  पण जाताना एवढंच म्हणाले, “आता झोप लागेल तुम्हाला.” लागली.

मालतीबाईंचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. गाठ साधी होती. पुन्हा ऑपरेशन नको, औषधही नको. मी रिपोर्ट स्वतः घेऊन गेले आणि तेव्हाच सगळं खरं सांगितलं, चोरी, भंगार, हॉर्न. त्या रागावतील असं वाटलं. त्या इतक्या हसल्या की मानेवरचा टाका धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “त्या माणसाला थंडी वाजते का हो? सायकलवरून फिरतात म्हणालात.”

त्यांनी करड्या रंगाची लोकर आणली. बिनबाह्यांचा स्वेटर, पुढून बटणं. किनारीचे टाके घालायचे तर छातीचं माप हवं, ते आणायचं काम माझ्याकडे दिलं. मी उद्या आणते म्हणाले.

उद्या कामं निघाली, परवा निघाली. आठवड्याने कोटऱ्यात गेले तर शटर बंद. शेजारच्या किराणावाल्याने सांगितलं, उस्तादांना बारीक तारा दिसेनाशा झाल्या होत्या, मुलगी येऊन उज्जैनला घेऊन गेली. सायकलही नेली. माठ त्यालाच देऊन गेले. तो दुकानासमोर ठेवला होता, पेला साखळीने बांधून.

उज्जैनला मी तीनदा फोन केला. तिन्हीदा मुलीने उचलला. बाबा घाटावर गेलेत, बाबा शेजारच्यांची शिलाई मशीन बघायला गेलेत, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता चांगलं दिसतं, पण आत्ता झोपलेत. बरे आहेत, हे ऐकून हायसं वाटलं, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर आठवलं की माप विचारलंच नाही. मुलीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

मालतीबाई सुया तयार ठेवून बसल्या आहेत. काल पुन्हा म्हणाल्या, अंदाजाने विणत नाही मी. छातीचं माप, उस्ताद, उज्जैन: अजून बाकी.