जनरलसाहेबांचं रिव्हॉल्वर आणि मामांचं फडकं

माझ्या बायकोच्या मामांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्काराआधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून पुसला. मग घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, शर्टाची बटणं. आणखी दोन मिनिटं बसलो असतो तर दातांवरूनही फडकं फिरलं असतं. घरी गेलो तेव्हा आईने दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

मामा संग्रहालयात पितळ, चांदी, पोलाद घासायच्या कामाला होते. त्यांचा सगळा जीव एका जुन्या रिव्हॉल्वरवर. ते एका नामांकित जनरलचं. मुठीवरच्या चांदीच्या पट्टीवर त्याचं नाव कोरलेलं. बावीस वर्षं, दर शनिवारी, मामांनी ती पट्टी पॉलिश लावून घासली. आता बाहेरगावचे तज्ज्ञ तपासायला येणार होते. ते जनरलचंच असल्याचं शिक्कामोर्तब त्यांनी केलं की रिव्हॉल्वर मोठ्या दालनात, स्वतंत्र काचपेटीत. पेटीतली मखमलही मामांनी निवडून ठेवली होती. मुलीच्या लग्नाला इतकी दुकानं पालथी घातली नव्हती.

तज्ज्ञ यायच्या चार दिवस आधी मामा-मामी आमच्याकडे आले. मामा बसेचनात. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. चहा गार झाला. कपाचा कान तेवढा लखलखीत झाला.

"जावईबापू, नाव दिसत नाही हो."

"कुणाचं?"

"जनरलचं! भिंग लावलं, उन्हात धरलं. पट्टीत माझंच थोबाड दिसतं. अक्षरं गेली कुठे?"

"फडक्यात बघा," मामी म्हणाल्या. "माझ्या दोन पातेल्यांची बुडंही तिथेच गेलीत."

"अगं, तू गप गं!"

"नोंदवहीत काहीतरी असेलच की," मी म्हणालो.

"'रिव्हॉल्वर, एक.' एवढंच. पट्टीवर नाव असताना वहीत कोण लिहितो?"

पुढचे चार दिवस मामांच्या पायाला भिंगरी. संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत जायचे, कडी पुसायचे, परत यायचे. एकदा आत शिरले, तर साहेबांची घंटी पुसून बाहेर आले.

तज्ज्ञांनी खिशातून भिंग काढलं मात्र, मामा ओरडले, "नाव होतं हो साहेब! मी या डोळ्यांनी पाहिलंय. मीच घासून घालवलं!"

तज्ज्ञ सभ्य गृहस्थ. बराच वेळ पट्टी न्याहाळून म्हणाले, "पॉलिश उत्तम आहे. पुरावा नाही."

रिव्हॉल्वर तळघरातल्या कपाटात गेलं. त्याच्या चिठ्ठीवर 'मालक अज्ञात' असं लिहिलं आहे. मामांची तिकीटखिडकीवर बदली झाली.