घरच्यांचं कार्ड

आमच्या पार्लरच्या मालकीणबाईंना आम्ही मागून 'फौजदार' म्हणतो. तोंडावर अर्थातच ताई. केस सरळ करायला आलेल्या बाईला त्या खुर्चीत बसवतात आणि आधी तिचा जबाब घेतात. शेवटचं काय लावलं होतं, कधी, कुणाच्या हातून, वास कसला होता, डोकं खाजवलं होतं का, केस कधी धुतले. सगळं एका जाड कार्डावर लिहून घेतात. बाई वैतागून म्हणते, अहो, केस करायला आलेय, लग्न जमवायला नाही. ताई हसत नाहीत. पुढचा प्रश्न विचारतात.

मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काम करते. भुवया, फेशियल, साधं केस कापणं माझ्याकडे. औषधाच्या डब्याला हात फक्त त्यांचा. स्पष्टच सांगते, बाई सोपी नाही. आता पुष्कळ निवळल्यात, पण जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. पूर्वी कुणी दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन आलं की यांचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्या हाताला काय झालं होतं, असं भर दुकानात विचारायच्या. एका शिक्षिकेनं तर म्हणे त्या भीतीनं दोन महिने रस्ता बदलला होता.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या आरशाबद्दल. औषध लावायची वेळ आली की ताई समोरच्या आरशावर टॉवेल टाकतात. गिऱ्हाइकांना वाटतं, ही काहीतरी नवीन पद्धत असेल. शेवटी धुऊन झालं की बेसिनची जाळी काढून उजेडात धरतात आणि किती केस आले ते बघत राहतात. चार आले तरी बघतात, एकही नाही आला तरी बघतात. एकदा दुपारी दुकान रिकामं असताना मी टॉवेलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "औषधाचा डबा उघडला की आरशात, खुर्चीवर ती दिसते. गिऱ्हाइकाच्या जागी."

ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मी तिला कधी पाहिलं नाही, मी येण्याआधीच ती गेली होती. तिचे केस दाट, कुरळे आणि इतके कोरडे की कंगवा अर्ध्यातच अडकायचा. तेरा वर्षांपूर्वी तिनं ताईंकडून ते सरळ करून घेतले. समजायला सोपं म्हणून सांगते: केस सरळ करायची औषधं मुख्यतः दोन जातींची. एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. दुसऱ्याला फारसा वास नसतो, पण कातडीला लागलं तर पोळतं. आपापल्या जागी दोन्ही ठीक. एकाच केसावर दोन्ही पडली, महिन्यांच्या अंतरानं का होईना, की केस ओल्या कागदासारखा हातात येतो.

कार्डं तेव्हाही होती. ताईंच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं होतं. बहिणीचं नव्हतं. घरच्या माणसाचं कसलं कार्ड करायचं? तिचं डोकं आपण लहानपणापासून विंचरलेलं, त्यात न कळण्यासारखं काय असणार? ताईंनी एक प्रश्न न विचारता ते बिनवासाचं औषध लावलं आणि धुवायला नळ सोडला, तर माथ्यावरचे केस पाण्याबरोबर बेसिनमध्ये आले. औषध जास्त वेळ राहिलं असावं, अशी त्यांनी तेव्हा स्वतःची समजूत घातली. वासाच्या जातीचं आधी कधीतरी लागलं असणार, हे कळायला त्यांना वर्ष लागलं. कुठे, कधी, ते विचारायची हिंमत झाली नाही. बाजूचे केस पुन्हा आले. माथ्यावर तळहाताएवढी जागा भाजली होती, तिथे परत काही उगवलं नाही.

बहीण एका शब्दानं बोलली नाही. डोक्याला रुमाल बांधून हिंडायची, ताईंकडे यायची, चहा घ्यायची. पुढे तिला पोटाचं दुखणं जडलं. हॉस्पिटलात शेवटचे दीड महिने तिचं अंग पुसायचं, रुमाल बदलायचं काम ताईंकडे होतं. रोज ती जागा डोळ्यांसमोर. "शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं," असं ताई मला म्हणाल्या होत्या. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी त्या दुपारपासून औषधाचा डबा उघडला की मीही त्या आरशाकडे बघायचं टाळते.

गेल्या महिन्यात बहिणीची मुलगी आली. वीस वर्षांची आहे, गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीये. केस हुबेहूब आईचे. कामावर टोपी घालावी लागते, टोपीत केस मावत नाहीत, सुपरवायझर रोज चारचौघांत बोलतो. नोकरी पक्की व्हायला अजून तीन महिने होते. तिनं मावशीला सरळ सांगितलं, तू केस सरळ करून दिले नाहीस तर मी डबा आणून घरी करीन.

ताई पेचात पडल्या. नाही म्हणावं तर पोरगी घरी करणार, हो म्हणावं तर ते डोकं, तेच केस. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ही बाई तर तेरा वर्षं पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

पुढचे आठ दिवस दुकानात दुसरा विषय नव्हता. तीन डबे टेबलावर मांडले. पहिल्यावर मोठ्या अक्षरांत 'सौम्य' लिहिलं होतं. तो त्यांनी आधी बाजूला सारला. मी म्हटलं, अहो, सौम्यच हवंय ना? तर म्हणाल्या, हे बिनवासाच्या जातीतलं, कातडीला त्यातल्या त्यात सौम्य आहे, केसाला नाही. केस आणखी कोरडा करून ठेवतं. दुसरा डबा जाड, दणकट केसांचा, तोही गेला. उरला तिसरा, वासाच्या जातीचा, पण सगळ्यात हलका, रंगवलेल्या नाजूक केसांवर वापरतात तो. केस काठीसारखे सरळ करायचे नाहीत, फक्त कुरळेपणा ढिला करायचा, टोपीत मावतील एवढा, असं ठरलं. माथ्यावरची एक बारीक बट वेगळी घेऊन तिला औषध लावून पाहिलं. माथ्यावरचीच का, ते मी विचारलं नाही. बट शाबूत राहिली. दोन दिवस त्यांनी ती ओढून, भिजवून, वाळवून पाहिली.

मग रविवारी सकाळी भाचीला बसवलं. कपाळाच्या कडेनं, कानांमागे व्हॅसलीन लावलं, आरशावर टॉवेल टाकला, वाटीत क्रीम काढलं आणि आठ दिवस टाळलेलं घरच्या माणसाचं कार्ड शेवटी पहिल्यांदाच घेतलं. आधी कधी काही लावलं होतं का, या प्रश्नावर भाचीनं कार्डावर हात ठेवला. मग म्हणाली, "माझं नंतर सांगते. आईनं लावलं होतं."

तिनं सगळं सांगितलं. त्या वेळी ती सात वर्षांची. आई तिला घेऊन दुसऱ्या एका पार्लरमध्ये गेली होती, सडक्या वासाचं औषध लावून आली होती. औषध नीट बसलं नाही, चार महिन्यांत केस पुन्हा होते तसे झाले; तोवर मावशीकडे फिरकली नाही, मग आली. मावशी वाटीत क्रीम ढवळत होती तेव्हा ही स्टुलावर बसून चित्र रंगवत होती. हिनं सांगायला तोंड उघडलं, तर आईनं हिच्याकडे बघून मान हलवली. तेव्हापासून पोरगी मूग गिळून गप्प होती.

"मला का नाही सांगितलं तिनं?" ताईंनी विचारलं.

"तू ओरडशील म्हणून."

मला वाटलं, सुटली बिचारी. तेरा वर्षांचं ओझं उतरलं. मी बोलूनही गेले, ताई, म्हणजे तुमची चूक नव्हती. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझीच लाज वाटली. "इतकी वर्षं वाटायचं, मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तरी ती खोटंच बोलली असती. मला भिऊन." मग त्यांनी क्रीमची वाटी उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

मग त्यांनी भाचीला विचारलं, "आणि तू?"

"नाही, काही नाही लावलं," भाची म्हणाली. पण बोलायच्या आधी तिनं मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

ते मला दिसलं आणि ताईंनाही दिसलं. त्यांनी क्रीमची वाटी खाली ठेवली. हातमोजे काढले, स्टूल ओढून तिच्या समोर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीच बोलल्या नाहीत. माझ्या ओळखीची ती बाई एवढ्यात तीनदा तरी कडाडली असती. भाचीचा चेहरा हळूहळू रडवेला झाला. मग तिनं सांगितलं: तीन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या घरी, मानेजवळ, आतल्या बाजूनं, बघूया तरी म्हणून. डबा बिनवासाचा होता. वर 'सौम्य' लिहिलं होतं.

तिच्या मानेजवळचे केस तसेही कमी कुरळे आहेत, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती. माथ्यावरच्या बटेनं ते सांगितलं नसतं. आणखी पाच मिनिटांत ती वाटी त्या मानेवर रिकामी झाली असती.

ताई ओरडल्या नाहीत. भाचीचे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि माझ्याकडे न बघता, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं गं. तेव्हाही एवढंच करायचं होतं."