गार्डाच्या पेटीतले बताशे

चौतीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड होतो. माझी शिट्टी ऐकून एकदा शेजारच्या स्टेशनातली गाडी सुटली होती असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे बहुतेक मीच. पण खाली जे लिहितो आहे त्यातलं मुख्य ते सगळं खरं आहे. बायको शेजारी बसून वाचते आहे, त्यामुळे दुसरा इलाजही नाही.

रिटायर झालो आणि वर्षाच्या आत मधुमेह निघाला. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. पहिलं इन्सुलिन दुधाळ होतं. टोचण्याआधी ते दोन तळहातांत हळूहळू फिरवायचं, हलवायचं नाही. मी ते इतक्या मायेनं फिरवायचो की बायको म्हणायची, "पोट्टी लहान होती तवा तिले कधी असं घेतलं नाही तुमी."

मग इथल्या, रायपूरच्या समता कॉलनीतल्या, आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते बंद करून दोन पेन दिले. बाई नागपूरच्या, त्यामुळे रागावतात मराठीत आणि ते पोचतं. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक लांब, सपाट. दुसरी एकदम वर चढून खाली येणारी. म्हणाल्या, "हे लांब चालणारं. रोज सकाळी आठला, एकदाच, जेवा की न जेवा. हे दुसरं झटपट. जेवायच्या आधी, आणि ताट समोर असेल तरच."

मी म्हटलं, "समजलं मॅडम. पहिली मालगाडी. चोवीस तास एकाच चालीनं जाते, ना धावते ना अडते. दुसरी राजधानी. दहा-पंधरा मिनिटांत प्लॅटफॉर्म सोडते, दीड-दोन तासांत फुल स्पीड, चार-पाच तासांत यार्डात. आणि पहिलं ते दुधाळ म्हणजे मिक्स गाडी, थोडे डबे मालाचे, थोडे सवारीचे."

बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. तेव्हापासून रायपूर डिव्हिजनच्या सगळ्या पेशंटांना त्या माझीच गाडी सांगतात. निदान मी तसं सगळ्यांना सांगतो.

दोन्ही पेन एकाच कंपनीचे, जुळे भाऊ वाटावेत असे. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चष्मा शोधण्यात माझी निम्मी सकाळ जाते, म्हणून मी अक्कल लढवली. झटपट पेनाला हिरवी चिकटपट्टी लावली आणि लांबच्याला लाल. हिरवा म्हणजे चल, ताटावर बस. लाल म्हणजे उभा राहा, याचा जेवणाशी संबंध नाही. कोणत्याही गार्डाला विचारा, तो हेच करील.

इकडे बायकोनं घरातून साखर हद्दपार केली. साखर, गूळ, मध, बिस्किटं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं सरबतसुद्धा. दोन महिन्यांत मुंग्यांनी आमचं घर सोडलं. भनपुरीच्या कारखान्यांच्या बाजूला आमची कॉलनी, तिथे धूळ सगळ्यांच्या घरात आहे, पण बिनमुंग्यांचं घर एकच. "एका गॅसवर दोन चहा कोण करन?" म्हणत तीही फिका चहा प्यायला लागली. कुणी विचारलं की ती अभिमानानं सांगायची, "आमच्या घरी तीन वर्सांपासून गोड नाही. यायनं तर जिभेले लावलं नाही."

इथे मला थोडं खाकरावं लागतं.

रिटायर होताना मी माझी जुनी लोखंडी पेटी घरी आणली होती. गार्डाची पेटी म्हणजे त्याचं देऊळ. आत झेंड्या, शिट्टी, टॉर्च, जुन्या वेळापत्रकांचा गठ्ठा. किल्ली माझ्या कमरेच्या करदोट्याला. त्या पेटीला बायकोनं कधी हात लावला नाही. आणि त्या झेंड्यांच्या खाली, एका डब्यात, तात्यापाऱ्यातल्या दुकानातून आणलेले बताशे होते. शुभ्र, पोकळ, तोंडात टाकला की नाहीसा. दुपारी ती झोपली की मी "झेंड्यांना ऊन दाखवतो" म्हणून पेटी उघडायचो. त्या तीन वर्षांत आमच्या झेंड्यांनी जेवढं ऊन पाहिलं तेवढं राजस्थाननं पाहिलं नसेल.

परिणाम मीटरवर दिसायचा. बाई कपाळाला आठ्या घालायच्या आणि युनिट वाढवायच्या. सोळाचे अठरा, अठराचे वीस, असं करत लांब चालणारं चोवीसवर गेलं. "खाण्यात काही?" त्या विचारायच्या. "काहीच नाही जी," बायको माझ्या आधी उत्तर द्यायची. मी छताच्या पंख्याकडे पाहायचो.

आता मेमधली ती सकाळ.

उन्हाळ्यात न उघडलेले पेन फ्रिजमध्ये राहतात आणि चालू असलेले दोन आम्ही मातीच्या गाडग्यात ठेवतो. गाडगं पाण्याच्या परातीत. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर परातीतलं पाणी आत शिरलं आणि दोन्ही चिकटपट्ट्या सुटून तळाशी गेल्या. बायकोनं पेन पुसले, अक्षरं नीट वाचली आणि नव्या पट्ट्या लावल्या. आपल्या हिशेबानं. तिच्या डोक्यात सरळ होतं, लाल म्हणजे धोका. आणि बाईंनी धोक्याचं म्हणून बजावलं होतं ते झटपट. म्हणून झटपटला लाल, आणि बिचाऱ्या लांबच्याला हिरवी. मला सांगायचं तिच्या मनात आलंच नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे?

आठ वाजता मी गाडग्यात हात घातला. लाल पट्टी दिसली. चोवीसपर्यंत कटकट फिरवलं, पोटाला टोचलं, दहा आकडे मोजले, सुई काढली. एवढ्यात ती तांदळाचे चिले, म्हणजे आपली धिरडी, घेऊन आली.

"बसा. लाल हातात हाय, म्हणजे जेवणाचे सहा घेतले ना?"

"चोवीस. सकाळचं चोवीस असते."

"अवो, लाल जेवणाचं हाय!"

"लाल जेवणाचं कसं हुईन? लाल म्हणजे उभा राहा!"

"लाल म्हणजे धोका!"

आम्ही दोघंही त्या क्षणी बरोबर होतो आणि माझ्या पोटात सहाच्या जागी चोवीस युनिट राजधानी सुटली होती. समोर रूळ रिकामा. पुढच्या काही मिनिटांत साखर पोटात गेली नाही तर गाडी थेट मला घेऊनच रुळावरून उतरणार, हे मला माझ्याच उपमेवरून कळलं. उपमा चांगली असल्याचा हा एक तोटा.

पोरगी आमच्याजवळच राहते, नवा रायपूरच्या ऑफिसात कामाला आहे. ती निघायच्या तयारीत होती. तिनं तिथेच बाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता साखर द्या. नुसती साखर, तुपाची मिठाई नको. मग नाश्ता भरवा आणि घेऊन या. दर पंधरा मिनिटांनी मीटर लावा. बेशुद्ध झाले तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. वाट पाहू नका."

पोरगी ओरडली, "मम्मी, शक्कर किधर है?"

बायको स्वयंपाकघरात धावली. एकामागून एक डबे उघडल्याचा आवाज आला. मेथ्या. जवस. कडूजिऱ्याची पूड. तिच्या तीन वर्षांच्या शिस्तीत एक चिमूट साखर निघाली नाही. शेजारी पळाली तर त्यांच्या दाराला कुलूप, ते लग्नाला गेलेले. परत आली तेव्हा तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि ते तिला कळलं नव्हतं.

"मीच फेकली न," ती म्हणाली. "सगळी मीच फेकली."

तोवर मला घाम फुटला होता. असा घाम की खाली महानदी वाहून राहिली होती. भिंतीवरचं कॅलेंडर दोन दिसत होतं. पोरगी गाडीची किल्ली घेऊन दाराकडे निघाली, "मैं दुकान से लाती हूँ, दस मिनट."

दहा मिनिटं. आणि मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, दहा मिनिटं निघतील कदाचित. पोरगी दुकानातून साखर आणील आणि पेटी बंदच राहील. मरणाच्या दारात उभा राहून मी बताशे लपवत होतो.

मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. रिकामा साखरेचा डबा हातात घेऊन त्याच्या तळाला बोट घासत होती.

"थांब बेटा," मी म्हणालो. "किल्ली. करदोट्याले हाय. पेटी उघड. झेंड्याच्या खाली."

पोरीनं पेटी उघडली. झेंड्या काढल्या. डब्याचं झाकण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. फोनमधून बाईंचा आवाज, "मिळालं का काही?"

"मिळालं मॅडम," बायको म्हणाली. "बताशे. डबा भरून."

बाई म्हणाल्या, "चारा त्यांना. नंतर बोलू."

तिनं स्वतः माझ्या तोंडात बताशे घातले. एक, अजून एक, अजून एक. एरवी बताशा तोंडात टाकला की मी डोळे मिटतो. त्या दिवशी मिटले नाहीत, ती माझ्याकडे पाहत होती म्हणून. मीटर लावलं, एकसष्ट. चिल्याचे घास, पुन्हा बताशे. चौऱ्याहत्तर. मग पोरीनं मला गाडीत कोंबलं.

भनपुरीच्या रस्त्यावर त्या वेळेला ट्रक असे उभे असतात की त्यांच्यामधून वारासुद्धा लायसन दाखवून जातो. माझ्या हातात पेटीतली हिरवी झेंडी आली होती, कशी ते ठाऊक नाही. मी ती खिडकीबाहेर काढली आणि हलवली. पंजाबपासून आंध्रापर्यंतचे सगळे ट्रक दोन्हीकडे सरकले. पोरगी म्हणते असं काहीच झालं नाही, मी झेंडी मांडीवर घेऊन सीटला टेकलो होतो आणि ती उलट्या बाजूनं गाडी काढत होती. तिला समोर बघायचं होतं, तिला काय दिसणार.

दवाखान्यात बाईंनी ग्लुकोजचं सलाइन लावलं. झटपटचा जोर उतरेपर्यंत, म्हणजे पार दुपारपर्यंत, सोडणार नाही म्हणाल्या. थोड्या थोड्या वेळानं बोटाला सुई. अडुसष्ट. नव्वद. पुन्हा ब्याऐंशी, तेव्हा बायकोनं माझा पाय घट्ट धरला. मग एकशे दहा. दुपारी एकला एकशे बत्तीस, आणि पुढच्या वेळीही तेवढंच. बाई म्हणाल्या, "गाडी यार्डात गेली. आता काळजी नाही."

मी असा हलका झालो की सलाइनची नळी नसती तर पंख्याला जाऊन लागलो असतो.

मग त्यांनी खुर्ची ओढली. "मी इकडे युनिट वाढवत होते आणि तुम्ही तिकडे बताशे. मला खरं सांगितलं असतं तर चोवीसपर्यंत गेलेच नसते." मग बायकोकडे वळल्या. "आणि तुम्ही. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरात साखर हवीच. ते औषध आहे. ठेवायची, पण जागेवर." रंगांच्या वादात त्या पडल्याच नाहीत, म्हणाल्या, "पट्ट्या काढून टाका. लांबचा दाढीच्या सामानाजवळ ठेवा, झटपट ताटांजवळ. आणि चष्मा लावून नाव वाचा."

त्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच. पोरगी खाली औषधं आणायला गेली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"काही बोलू नका," ती म्हणाली.

तिनं पदराची गाठ सोडली. घाईत तिनं चार बताशे बांधून आणले होते, वाटेत लागले तर म्हणून. एक उचलला. मला वाटलं माझ्यासाठी. तिनं तो स्वतःच्या तोंडात टाकला.

तीन वर्षं फिका चहा. लग्नातली जिलेबी ताटातून बाजूला काढलेली. विजयादशमीच्या खिरीची वाटी शेजारणीला दिलेली. तिला मधुमेह नव्हता. ती माझ्यासोबत होती एवढंच, आणि मी पेटीला कुलूप लावून एकटा खात होतो. बताशा तिच्या तोंडात विरघळत होता आणि तिचे डोळे मिटले होते. मी तिला इतक्या निवांतपणे काही खाताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग तिनं डोळे उघडले.

"मऊ पडले," ती म्हणाली. "डबा घट्ट लावत नव्हते काय?"

"तू उठायची न मधात," मी म्हणालो. "घाई व्हायची."

त्यावर ती हसली. आधी नाकातून, मग अशी की नर्स दारात येऊन उभी राहिली. संध्याकाळी परतताना तिनं गाडी तात्यापाऱ्यात थांबवायला लावली आणि स्वतः उतरून ताजे बताशे घेतले. माझ्यासाठी पाव किलो, पेटीत. कुलूप नाही, औषध आहे ते. आणि अर्धा किलो तिच्यासाठी, वेगळ्या डब्यात. त्या डब्याची किल्ली तिनं कुठे ठेवली आहे, मला अजून सापडलेली नाही.