गुलाबाईच्या पडद्यावरची शेवरी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. पण त्या वर्षी चोपड्याच्या शाळेत सुशीलापुढे माझी पदवी काही कामाला येईना. नववीतली अबोल पोर, उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत. एकदा हात धुताना बाही सरकली आणि मला कळलं, ही स्वतःच स्वतःला इजा करून घेते. विचारलं तर मान खाली. मुली कुजबुजत, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. तिचे वडील येऊन म्हणाले, "बाई, दसऱ्यानंतर हिचं नाव काढा. भगताकडे नेतो, मग पाहू." शाळा सुटली तर ही पोर घरात एकटी काय करून घेईल, याची मला धास्ती बसली.

रविवारी एसटीनं मुक्ताईच्या दर्शनाला गेले. खोटं कशाला सांगू, मनात शंका घेऊनच गेले. म्हटलं, आई, मला विचारता येत नाही, तिला सांगता येत नाही. आता तूच बघ. फूल पडलं नाही, कौल मिळाला नाही. तशीच परतले, पण छाती जरा हलकी झाली होती.

भाद्रपदात मुली शाळेत गुलाबाई बसवायच्या. गाणी झाली की एकीनं डबा हलवायचा आणि बाकीच्यांनी आत झाकलेला खाऊ ओळखायचा. यंदा मूर्तीमागे मांजरपाटाचा पडदा रंगवायचा होता. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आपण काय झाकून ठेवतो ते प्रत्येकीनं काढायचं. पण हे ओळखायचं नाही हं. दुसरीनं त्यात आपलं काही भरायचं, बस." हे कुठून सुचलं, मला आजही सांगता येत नाही.

सुशीलानं कोपऱ्यात केळ काढली, पानांच्या चिंध्या झालेली. शेजारी विहीर. मग वर्गातली वात्रट निर्मला पुढे झाली. "अगं, वाऱ्याच्या अंगाला शेवरी कुठंय? माझ्या आबांनी पाहिलं असतं तर तुला बांधावरच उभं केलं असतं!" आमच्याकडे केळीला वारा झोडपू नये म्हणून बागेभोवती शेवरीची झाडं लावतात. निर्मला ती काढू लागली. मग कुजबुजणाऱ्याही एकेक करून ब्रश घेऊन आल्या. हिरवी रांग दाट होत गेली.

सुशीला हळूच म्हणाली, "पण पानं तर फाटलीच ना?"

"फाटू दे की! घड येतोच." आणि निर्मलानं झाडापेक्षा मोठा घड काढला.

सुशीला हसली, आणि हसता हसता रडू लागली. धाकटा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत बुडून गेला होता. "तू होतीस ना तिथं?" एवढंच आई एकदा बोलली, नंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. हे सगळं ती सांगत राहिली. निर्मला तिचा हात धरून बसली होती.

सुशीलाला विचारून मी पडदा तिच्या वडिलांना दाखवला. त्यांनी विहिरीवर बोट ठेवलं. "बठ्ठं आमनंच चुकनं, बाई," सगळी चूक पदरात घेत एवढंच बोलले. शाळेतून तिचं नाव काढलं नाही. भगताऐवजी जळगावच्या डॉक्टरांकडे ते स्वतः तिला नेत राहिले. एका दिवसात काही बरं झालं नाही, अधूनमधून पाय घसरलाही. पण पुढच्या गुलाबाईला सुशीला आखूड बाह्यांचा झगा घालून आली आणि खाऊचा डबा तिनंच हलवला.

मी पुन्हा मुक्ताईला गेले, या वेळी काही न मागता. मी उत्तर मागायला गेले होते. आईनं शेवरी पाठवली. आता एखादी पोर माझ्यापुढे गप्प बसली की मी घाई करत नाही. वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसते.